मेल येतो, पण जात नाही

नेटची जुनी लाइन काढून नवं फायबर घेतलं की सगळ्यात आधी वेग मोजला जातो. मग टीव्ही लावून बघतात, घरातले मोबाइल वायफायला जोडतात, आणि राउटर बसवायला आलेला मुलगा ओटीपी घेऊन निघून जातो. ऑफिस असेल तर प्रिंटर चालतोय ना, एवढं पाहिलं जातं. ई-मेलकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण सकाळपासूनचे मेल इनबॉक्समध्ये आलेले दिसत असतात. दुपारी एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन येतो की कोटेशन अजून मिळालं नाही. शोधाशोध केल्यावर कळतं की दिवसभरात पाठवलेले सगळे मेल आउटबॉक्समध्येच पडून आहेत.

मग फोनाफोनी सुरू होते. नवा पुरवठादार म्हणतो, लाइन चालू आहे, वेग तपासून बघा. मेलची सेवा देणारी कंपनी म्हणते, आमचा सर्व्हर चालू आहे. दोघंही खरंच सांगत असतात, आणि तरी मेल जात नाही. अशा वेळी विंडोज नव्याने टाकायचा सल्ला देणारा कुणीतरी भेटतोच. त्याची काहीही गरज नसते. अडचण मेलच्या सेटिंगमधल्या तीन-चार रकान्यांत असते. ते रकाने मुळात का आहेत हे एकदा समजलं, तर काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

ही अडचण सगळ्यांना येत नाही. ब्राउझरमध्ये जीमेल उघडून मेल लिहिणाऱ्याचा मजकूर साध्या वेबपानासारखा गूगलकडे जातो आणि पुढे पाठवायचं काम गूगलची यंत्रं करतात. घरातली लाइन कुणाची आहे याच्याशी त्याचा संबंध येत नाही. अडकतात ते आउटलुक किंवा थंडरबर्डसारखा प्रोग्राम वापरणारे. चार्टर्ड अकाउंटंट, वकील, छापखाने, छोटे कारखाने, सहकारी संस्था अशा ठिकाणी वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार एकाच संगणकात साठलेला असतो आणि तो तिथेच असावा असं त्यांना वाटतं, तेही योग्यच आहे. त्यांच्याबरोबर काही यंत्रंही अडकतात. कागद स्कॅन करून थेट मेल करणारं झेरॉक्स मशीन, बिल परस्पर गिऱ्हाइकाला धाडणारं टॅली, रात्री दुकानात हालचाल दिसली की मालकाला फोटो पाठवणारा सीसीटीव्हीचा डीव्हीआर, ही सगळी मेल पाठवतात आणि सगळ्यांत तेच रकाने भरलेले असतात.

मेल येणं आणि मेल जाणं ही मुळात दोन वेगळी कामं आहेत. ती वेगळ्या काळात, वेगळ्या गरजांसाठी तयार झाली. मेल उतरवून घेण्याच्या पद्धतीला पॉप म्हणतात. तिचा पहिला मसुदा १९८४ चा, आणि त्यातही नाव आणि पासवर्ड विचारण्याची सोय होती, कारण दुसऱ्याची पत्रं कुणी उघडू नयेत ही काळजी उघडच होती. पुढे आयमॅप आलं, त्यातही पासवर्ड आहेच. तुम्ही कुठूनही या, पासवर्ड बरोबर असला की तुमचा मेल तुम्हाला मिळतो. म्हणून लाइन बदलली तरी मेल येत राहतो.

पाठवण्याची पद्धत त्याच्याही आधीची आहे. तिचं नाव एसएमटीपी. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने तिचे नियम आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले. पोस्टेल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत काम करायचे. त्या वेळचं जाळं विद्यापीठं, संशोधनसंस्था आणि लष्करी कार्यालयांचं होतं. एका संस्थेच्या संगणकाने दुसऱ्या संस्थेच्या संगणकाकडे पत्रं सोपवायची, एवढीच त्यामागची कल्पना. दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखत असत. पासवर्डची गरज कुणाला वाटली नाही आणि तशी सोयही ठेवली गेली नाही.

एसएमटीपीचा संवाद एकदा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण आजच्या सगळ्या चुका त्याच्याच कुठल्या ना कुठल्या ओळीवर घडतात. तुमचा संगणक सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर जातो. सर्व्हर २२० हा आकडा देऊन आपण तयार असल्याचं सांगतो. संगणक 'हेलो' म्हणून आपलं नाव सांगतो. उत्तर येतं २५०, म्हणजे ठीक. मग संगणक 'मेल फ्रॉम' म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता देतो, पुन्हा २५०. 'आरसीपीटी टू' म्हणून कुणाला पाठवायचं ते सांगतो, पुन्हा २५०. 'डेटा' म्हटल्यावर सर्व्हर ३५४ म्हणतो, म्हणजे मजकूर सांगा. संगणक सगळं पत्र ओळीओळीने देतो आणि शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब ठेवतो. त्या एकट्या टिंबाचा अर्थ, पत्र संपलं. सर्व्हर शेवटचा २५० देतो आणि पत्र त्याच्या जबाबदारीत जातं. या सगळ्यात पाठवणारा खरा कोण हे कुठेही विचारलेलं नाही. 'मेल फ्रॉम'पुढे जे लिहाल ते मान्य.

आकड्यांचाही एक साधा नियम आहे. दोनने सुरू होणारा आकडा म्हणजे झालं, तीनने म्हणजे पुढे बोला, चारने म्हणजे आत्ता जमत नाही पण नंतर प्रयत्न करा, आणि पाचने म्हणजे नाही, पुन्हा विचारू नका. पडद्यावर चूक झाल्याचा लांबलचक इंग्रजी संदेश आला की लोक घाबरून तो बंद करतात. त्यातला तीन आकडी क्रमांक टिपून ठेवला तर निम्मं निदान तिथेच होतं.

भारतात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमाकडून. तेव्हा फोनच्या तारेवरून मोडेम फिरवून जोडणी व्हायची, आणि जोडणीबरोबरच ई-मेलचा पत्ताही मिळायचा. मुंबईकरांच्या पत्त्यात 'बॉम' आणि पुणेकरांच्या पत्त्यात 'पीएन' अशी अक्षरं, आणि पुढे व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन. अशा पत्त्यांची व्हिजिटिंग कार्डं, लेटरहेड आणि दुकानांच्या पाट्याही तेव्हा छापल्या गेल्या. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, आणि प्रत्येकाने ग्राहकाला आपापले पत्ते व आपापला जाणारा, म्हणजे मेल बाहेर पाठवणारा सर्व्हर दिला. तार देणारा आणि टपाल नेणारा एकच, अशी व्यवस्था जगभर तशीच होती.

या पुरवठादारांनी आपला ग्राहक कसा ओळखायचा? एसएमटीपीत पासवर्ड नव्हताच. म्हणून त्यांनी सोपा मार्ग काढला: आपल्या तारेवरून, म्हणजे आपल्या आयपी पत्त्यांच्या टप्प्यातून आलेला मेल घ्यायचा, बाकीच्यांचा नाकारायचा. गावातल्या रेशन दुकानात यादीतल्या घरांनाच धान्य मिळावं तसं हे होतं. बिऱ्हाड दुसऱ्या तालुक्यात हललं की जुन्या दुकानात नाव चालत नसे. लाइन बदलल्यावर नेमकं तेच होतं. आउटलुकमध्ये जुन्याच पुरवठादाराचा जाणारा सर्व्हर लिहिलेला राहतो, पण आता तुम्ही त्याच्या दारात दुसऱ्याच्या तारेवरून उभे असता. संवाद 'आरसीपीटी टू'पर्यंत नीट चालतो आणि तिथे ५५० येतो, शेजारी 'रिलेइंग डिनाइड' असे शब्द. म्हणजे, तुम्ही आमचे नाही, तुमचं पत्र आम्ही पुढे नेणार नाही.

पुरवठादारांना एवढं कडक व्हावं लागलं त्याला कारण होतं. नव्वदीच्या दशकात बरेचसे मेल सर्व्हर कुणाचंही पत्र कुणालाही नेऊन देत. ती तेव्हाची रीतच होती, कारण कच्च्या जाळ्यात एकमेकांचं टपाल पुढे ढकलणं हे मदतीचं काम मानलं जाई. जाहिरातबाजांनी त्याचा फायदा घेतला. एका सर्व्हरकडे एक पत्र आणि हजारो पत्ते सोपवायचे, वाटप त्याने करायचं. सेंडमेल हा त्या काळचा सर्वाधिक चालणारा मेल सर्व्हर. त्याने १९९८ मध्ये आलेल्या ८.९ आवृत्तीपासून परक्यांचा मेल पुढे नेणं मुळातच बंद ठेवलं. त्याच सुमारास पॉल व्हिक्सी यांची स्पॅमवाल्या सर्व्हरांची काळी यादी आणि लंडनमध्ये स्टीव्ह लिनफोर्ड यांनी सुरू केलेली स्पॅमहाउस ही संस्था कामाला लागली.

उघडे सर्व्हर कमी झाले तशी स्पॅमवाल्यांची नजर घरच्या संगणकांवर गेली. ऑगस्ट २००३ मधला सोबिग-एफ आणि जानेवारी २००४ मधला मायडूम हे दोन व्हायरस ज्यांनी अनुभवले त्यांना ते दिवस आठवत असतील. दोघांमध्येही मेल पाठवण्याची स्वतःची यंत्रणा होती. संगणकाच्या मालकाला पत्ता न लागता ते थेट जगभरच्या सर्व्हरांच्या २५ क्रमांकाच्या दारावर जाऊन पत्रं टाकत. लाखो घरगुती संगणक अशा रीतीने स्पॅमचे कारखाने झाले. पुरवठादारांपुढे उपाय उरला तो एकच: घरगुती जोडण्यांवरून बाहेर जाणारी २५ क्रमांकाची वाट बंद करायची.

हा उपाय किती लागू पडतो याचा पुरावा ब्राझीलमध्ये मिळाला. २००९ मध्ये स्पॅम पाठवणाऱ्या देशांच्या एका प्रमुख यादीत ब्राझील पहिल्या क्रमांकावर होता. तिथल्या इंटरनेट समितीने दूरसंचार कंपन्यांना एकत्र बसवलं, करार केला आणि २०१२-१३ च्या सुमारास घरगुती जोडण्यांवरचं २५ नंबरचं पोर्ट देशभर बंद झालं. त्यानंतर ब्राझील त्या यादीत झपाट्याने खाली आला. नव्या लाइनवर आपलं २५ नंबरचं पोर्ट बंद दिसलं की पुरवठादाराने काही हिरावून घेतलं असं वाटतं. खरं तर घरगुती ग्राहकाला त्या दारातून जायचं काही कारणच उरलेलं नाही, आणि ते बंद ठेवणारा पुरवठादार चांगलं काम करतो आहे.

कारण ग्राहकासाठी दुसरं दार केव्हाच तयार झालं आहे. डिसेंबर १९९८ मध्ये रँडल गेलन्स आणि जॉन क्लेन्सिन यांनी आरएफसी २४७६ मध्ये एक स्पष्ट फरक केला: सर्व्हरने सर्व्हरला पत्र देणं हे एक काम, आणि माणसाने आपल्या सर्व्हरकडे पत्र सोपवणं हे दुसरं. पहिल्यासाठी २५ क्रमांक राहील, दुसऱ्यासाठी ५८७. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, पाठवताना नाव आणि पासवर्ड देण्याची पद्धत ठरली, आणि संवाद मध्येच कुलूपबंद करण्याची, म्हणजे स्टार्टटीएलएसची सोयही आली. पत्र पाठवणारा कुठल्या तारेवर आहे याला तेव्हापासून महत्त्व राहिलं नाही. पासवर्ड बरोबर असला की पुरे. आज बंद पडलेल्या आउटबॉक्सचं उत्तर गेली पंचवीस वर्षं तयार आहे. ते अनेक संगणकांत आणि यंत्रांत कधी भरलंच गेलं नाही, एवढंच.

४६५ या पोर्टची गोष्ट थोडी वेडीवाकडी आहे. १९९७ मध्ये ते सुरुवातीपासून कुलूपबंद चालणाऱ्या एसएमटीपीसाठी नोंदवलं गेलं, लवकरच ती नोंद मागे घेतली गेली, पण तोवर ते वापरात आलं होतं आणि वापरातच राहिलं. अखेर जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८३१४ ने त्याला पुन्हा मान्यता दिली, आणि आता तर तेच पसंतीचं धरलं जातं. म्हणून एका कंपनीच्या सूचनेत ५८७ आणि दुसरीच्या सूचनेत ४६५ दिसलं तर गोंधळू नये. ५८७ बरोबर स्टार्टटीएलएस आणि ४६५ बरोबर एसएसएल किंवा टीएलएस निवडायचं. ही जोडी उलटी लावली तर मेल जात नाही, आणि घोळ कुठे आहे ते सहसा लवकर सापडत नाही.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. पहिला नियम असा की जाणारा सर्व्हर तुमच्या मेलपेटीच्या मालकाचा हवा, तारेच्या मालकाचा नव्हे. पत्ता जीमेलचा असेल तर एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम. वैयक्तिक आउटलुक किंवा हॉटमेलचा असेल तर एसएमटीपी-मेल डॉट आउटलुक डॉट कॉम. ऑफिसची मेलसेवा मायक्रोसॉफ्टची असेल तर एसएमटीपी डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम. स्वतःच्या डोमेनचा पत्ता असेल तर ज्या होस्टिंग कंपनीकडे मेल ठेवले आहेत तिने दिलेलं नाव.

पूर्वापार चालत आलेल्या आउटलुकमध्ये हे रकाने जरा खोल दडलेले आहेत. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मोअर सेटिंग्ज' उघडावं. तिथे 'आउटगोइंग सर्व्हर' नावाचं पान आहे आणि त्यात एक चौकोन, आपल्या जाणाऱ्या सर्व्हरला ओळख पटवावी लागते असं सांगणारा. जुन्या खात्यांमध्ये हा चौकोन रिकामा असतो, कारण जुन्या पुरवठादाराला तारेवरूनच ओळख पटत होती. त्यात खूण करावी आणि येणाऱ्या सर्व्हरचंच नाव-पासवर्ड वापरण्याचा पर्याय ठेवावा. शेजारच्या 'अॅडव्हान्स्ड' पानावर जाणाऱ्या पोर्टच्या रकान्यात २५ दिसेल. ते खोडून ५८७ लिहावं आणि खालच्या यादीतून कुलुपाचा प्रकार निवडावा. त्याच्या वरच येणाऱ्या पोर्टचा रकाना आहे, त्याला हात लावू नये. तो नीट चालतो आहे.

थंडरबर्डमध्ये फसगत वेगळी होते. तिथे जाणारे सर्व्हर खात्यांच्या आत नसतात. डाव्या यादीत सगळ्या खात्यांच्या खाली त्यांची स्वतंत्र नोंद असते, आणि प्रत्येक खातं त्यातला एक सर्व्हर वापरतं. खात्याची सगळी पानं उलटून पाहिली तरी पोर्ट सापडत नाही, कारण ते तळाशी आहे. आयफोनमध्ये खात्याच्या आत 'एसएमटीपी' ही ओळ आहे. तिथे मुख्य सर्व्हरखाली दुसऱ्या खात्यांचे सर्व्हरही दिसतात आणि पहिला नकार देतो तेव्हा फोन दुसऱ्याकडून पत्र धाडू शकतो. त्यामुळे ऑफिसचं पत्र कधी घरच्या खात्याच्या सर्व्हरवरून निघतं आणि समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं.

पासवर्ड बरोबर टाकूनही ५३५ हा आकडा आला तर ओळख पटलेली नाही, असा अर्थ. जीमेलच्या बाबतीत याचं कारण बहुधा एकच असतं. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी साध्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रामला प्रवेश देणं थांबवलं. थंडरबर्ड किंवा नव्या आउटलुकसारख्या प्रोग्रामला गूगलच्या स्वतःच्या पानावरून परवानगी देता येते. टॅली, स्कॅनर, डीव्हीआर यांना ते जमत नाही. त्यांच्यासाठी गूगलच्या खात्यात दुहेरी पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा वेगळा 'अॅप पासवर्ड' तयार करावा लागतो. तो एकदाच दाखवला जातो. पुढे कधी गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला तर हे सगळे अॅप पासवर्ड रद्द होतात, हेही लक्षात ठेवायला हवं. मायक्रोसॉफ्टनेही १६ सप्टेंबर २०२४ पासून वैयक्तिक खात्यांना साध्या पासवर्डची वाट बंद केली.

आकडाच आला नाही, नुसतं चक्र फिरत राहिलं आणि शेवटी 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसलं, तर संवाद पहिल्या २२० पर्यंतही पोचलेला नाही. पोर्ट २५ असेल तर ते बंद आहे. ५८७ करूनही तसंच होत असेल तर एक सोपी चाचणी आहे: संगणकाचं वायफाय तोडून मोबाइलचा हॉटस्पॉट जोडावा आणि तोच मेल पुन्हा पाठवावा. हॉटस्पॉटवरून गेला तर अडथळा नव्या लाइनच्या किंवा राउटरच्या वाटेत आहे. गेला नाही तर तो संगणकात आहे, आणि तिथे अँटिव्हायरसची मेल तपासणारी सोय आधी पाहावी. ही चाचणी करून मग ग्राहक सेवेला फोन केला तर पलीकडच्या माणसाला नेमकं सांगता येतं, आणि त्यालाही मदत करणं सोपं जातं.

ग्राहक सेवेकडून कधी कधी एक सल्ला मिळतो: आमचाच जाणारा सर्व्हर लिहा, मेल जाईल. पुरवठादाराकडे असा सर्व्हर असेल तर मेल त्या दिवशी जातोही. स्वतःच्या डोमेनचा पत्ता असणाऱ्यांनी मात्र हा सल्ला मानू नये. आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत जाहीर करायची पद्धत आहे, तिला एसपीएफ म्हणतात. नव्या पुरवठादाराचा सर्व्हर त्या यादीत नसतो. पत्र निघतं, आउटबॉक्स रिकामा होतो, पाठवणाऱ्याला सगळं नीट वाटतं, आणि पलीकडे ते स्पॅममध्ये पडतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांची ही तपासणी अधिक कडक केली आहे. आउटबॉक्समध्ये अडकलेला मेल निदान डोळ्यांना दिसतो. स्पॅममध्ये पडलेल्या मेलचा पत्ता टेंडरची मुदत उलटल्यावर लागतो.

कारखाने आणि मोठ्या ऑफिसांमध्ये आणखी एक गाठ असते. तिथे अनेकदा स्थिर आयपी पत्ता घेतलेला असतो आणि मेलसेवेला सांगून ठेवलेलं असतं की या पत्त्यावरून येणाऱ्या यंत्रांना पासवर्ड विचारू नका. लाइन बदलली की आयपी बदलतो आणि सगळी झेरॉक्स मशीन एकाच दिवशी मुकी होतात. मेलसेवेच्या प्रशासनाच्या पानावर नवा आयपी नोंदवेपर्यंत ती तशीच राहतात. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांना याशिवाय नव्या पुरवठादाराकडून उलट डीएनएस नोंद, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद करून घ्यावी लागते. तिच्याशिवाय जीमेलसारख्या मोठ्या सेवा पत्र घेत नाहीत. हे काम पुरवठादारच करू शकतो आणि त्याला काही दिवस लागू शकतात, म्हणून ते लाइन बदलण्याआधी सांगायला हवं.

घरगुती फायबरवर सहसा स्थिर आयपी नसतो. एकाच सार्वजनिक आयपीमागे कितीतरी ग्राहक ठेवण्याची पद्धत आता रूढ आहे. शिवाय स्पॅमहाउसच्या एका यादीत जगभरच्या घरगुती जोडण्यांचे आयपी टप्पे मुद्दाम नोंदवलेले असतात. त्या यादीत नाव असणं हा आरोप नाही. इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही, एवढंच ती सांगते. 'तुमचा आयपी काळ्या यादीत आहे' असा संदेश पाहून घाबरणाऱ्यांनी पोर्ट तपासावं. ५८७ किंवा ४६५ वरून पासवर्ड देऊन जाणाऱ्या पत्राला ती यादी सहसा आडवी येत नाही.

जुन्या डीव्हीआर आणि स्कॅनरची एक मर्यादा कितीही रकाने बदलून दूर होत नाही. टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरवल्या गेल्या. ज्या यंत्राला त्यापुढची आवृत्ती येत नाही आणि ज्याच्या कंपनीने नवं फर्मवेअर काढलेलं नाही, त्याला आजचे सर्व्हर दारात उभं करत नाहीत. अशा यंत्रासाठी रात्र रात्र खपण्यापेक्षा स्कॅन केलेली फाइल संगणकातल्या फोल्डरमध्ये ठेवायची सोय वापरणं शहाणपणाचं. काही वेळा बिघाड त्याहून साधा असतो: डीव्हीआरमधलं घड्याळ मागे पडून तारीख काही वर्षं जुनी दाखवत असते, आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र त्या तारखेला लागू नसतं. तारीख बरोबर केली की मेल सुटतो.

तारेबरोबर पत्ताही जुन्या पुरवठादाराचाच असेल, तर प्रश्न सेटिंगचा राहत नाही. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय भारतभर २० जानेवारी २०११ पासून आहे. ई-मेलच्या पत्त्याला तशी सोय नाही. परदेशातही परिस्थिती फार वेगळी नाही: अमेरिकेत व्हेरायझनने २०१७ मध्ये मेलची सेवाच बंद केली आणि ग्राहकांना आपले पत्ते एओएलकडे न्यावे लागले. पुरवठादाराने दिलेल्या पत्त्यावर बँकेचे, आयकराचे, जीएसटीचे आणि डिमॅटचे निरोप येत असतील तर ती लाइन बंद करण्याआधी प्रत्येक ठिकाणी नवा पत्ता नोंदवून घ्यावा लागतो. ते बदलताना पुष्टीचा ओटीपी किंवा दुवा जुन्याच पत्त्यावर जाऊ शकतो, म्हणून जुनी पेटी तोवर उघडी राहायला हवी.

त्यामुळे लाइन बदलणाऱ्यांना एकच विनंती. नवं फायबर आलं म्हणून त्याच दिवशी जुनं कनेक्शन तोडायला सांगू नका. महिनाभर दोन्ही चालू ठेवता आली तर उत्तम. त्या दिवसांत प्रत्येक संगणकावरून, टॅलीतून, झेरॉक्स मशीनवरून आणि डीव्हीआरवरून एकेक मेल स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवा, आणि तो स्पॅममध्ये नव्हे तर इनबॉक्समध्ये आला आहे हे डोळ्यांनी पाहा. जिथे पोर्ट २५ दिसेल तिथे ते बदला. वापरलेला सर्व्हर, पोर्ट आणि कुलुपाचा प्रकार एका कागदावर लिहून राउटरला चिकटवा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका.